प्रथिनांचे अनपेक्षित छेद



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते रसायनशास्त्राचे अध्यापक होते, आणि चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली तेव्हा सर्वांना रुचेल असा एखादा ऐसपैस विषय घ्यावा, की आमच्या व्यवसायातील एक लहानसा, परंतु ज्याचा निकाल अद्याप पुरता लागलेला नाही असा प्रश्न घ्यावा, याचा विचार करून मी दुसरा मार्ग पत्करला आहे. ठराविक जागीच प्रथिन तोडणारे म्हणून ज्याची ख्याती, त्या विकराने कधी कधी भलत्याच जागी छेद घेतल्याचे आढळते. हा छेद कोणाचा, तो का पडला आणि त्याचे काय करावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची, एकापुढे एक जोडलेली, बहुधा शेकडो घटकांची शृंखला, हे आता शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु ही शृंखला अखंड स्थितीत वाचणे दुर्घट असल्यामुळे तिचे आधी तुकडे करावे लागतात, आणि ते वाटेल तेथे नव्हे तर माहीत असलेल्या जागीच पडतील अशी तजवीज करावी लागते, ही गोष्ट मात्र प्रयोगशाळेबाहेर फारशी गेलेली नाही. ही तजवीज विकरे, म्हणजे ज्यांना आता सर्रास एन्झाइम म्हणतात ती द्रव्ये, करतात. आणि त्यांत अग्रमान ट्रिप्सिनचा आहे. स्वादुपिंडाच्या रसातील या द्रव्याला हायडलबर्ग येथील विल्हेल्म क्यूने यांनी १८७६ मध्ये नाव दिले. पुढे १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये माक्स बेर्गमान आणि जोसेफ फ्रुटन यांनी, ज्यांची रचना आधीच माहीत आहे अशी लहान पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड शृंखला, स्वहस्ते तयार करून त्यांवर एकेक विकर चालवून पाहिले, तेव्हा कोठे ‘हे विकर अमुकच बंध तोडते’ असे प्रमाणासह म्हणण्याची सोय झाली. ट्रिप्सिनचा शिरस्ता त्यानंतर पाठ्यपुस्तकांत कायम झाला: शृंखलेत लायसिन किंवा आर्जिनिन आले की त्याच्या पुढचा बंध तोडावा, मात्र पुढचा घटक प्रोलिन असल्यास तो सोडून द्यावा.

या शिरस्त्याची खरी करामत पाहावयाची असेल तर केंब्रिजमधील १९५६ सालच्या एका कामाकडे पाहिले पाहिजे. सिकलसेल या व्याधीत हिमोग्लोबिनमध्येच काही फरक असतो हे लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये दाखविले होते. परंतु एवढ्या मोठ्या रेणूत तो फरक नेमका कोठे, हे कोणी सांगू शकत नव्हते. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील व्हर्नन इन्ग्रम यांनी निरोगी आणि रोगी, दोन्ही हिमोग्लोबिने ट्रिप्सिनने पचविली, तो काढा कागदाच्या एका कोपऱ्यावर ठेवून त्यातून एका दिशेने विद्युत्प्रवाह आणि तिच्याशी काटकोनातील दिशेने द्रावक जाऊ दिला, आणि शेवटी कागदावर निनहायड्रिन फवारले. प्रत्येक पेप्टाइड आपापल्या भाराप्रमाणे व स्वभावाप्रमाणे वेगळ्या जागी जाऊन थांबले आणि तेथे जांभळा ठिपका उमटला. हाच पेप्टाइडांचा नकाशा. हिमोग्लोबिनमधील लायसिन आणि आर्जिनिन यांची एकूण संख्या पाहता ठिपके साठाच्या आसपास पडावयास हवे होते, पण पडले तिसाच्या आसपास. आणि या एका गोष्टीवरून रेणूचे दोन अर्धभाग एकसारखे असले पाहिजेत या समजाला पुष्टी मिळाली. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले असता एकच ठिपका, चौथ्या क्रमांकाचा, सरकलेला दिसला. पुढच्या वर्षी त्याचा उलगडा झाला: बीटा शृंखलेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलिन बसले आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आपल्या कित्येक आदिवासी वस्त्यांत जो रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्याचे मूळ अशा रीतीने कागदावरील एका ठिपक्यात सापडले.

इथपर्यंतची कथा पुष्कळांना माहीत असते. मला सांगावयाची आहे ती तिच्या पुढची. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, हंट आणि इन्ग्रम यांनी हिमोग्लोबिन-सी या दुसऱ्या एका प्रकाराचा नकाशा काढला, तेव्हा तो चौथा ठिपका नुसता सरकला नव्हता, तर आपल्या जागेवरून नाहीसा झाला होता, आणि त्याच्या बदली दोन लहान पेप्टाइडे मिळत होती. म्हणजे ट्रिप्सिनने जेथे कधी छेद घेतला नव्हता तेथे तो घेतला होता. विकर बिघडले असे म्हणून हा नकाशा बाजूला टाकणे सोपे होते. परंतु कारण वेगळेच निघाले. त्याच सहाव्या जागी, ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी, या वेळी लायसिन बसले होते. लायसिन दिसताच ट्रिप्सिनने आपल्या शिरस्त्याप्रमाणे पुढचा बंध तोडला होता. आसाम-बंगालकडे आढळणाऱ्या हिमोग्लोबिन-ई मध्येही सव्विसाव्या जागी असाच बदल असून तेथेही असाच नवा छेद पडतो. तेव्हा अनपेक्षित छेद दिसला की पहिला प्रश्न विकराविषयी नव्हे, तर आपल्या दफ्तरातील अनुक्रमाविषयी विचारावयास हवा: कागदावर लिहिलेले प्रथिन आणि कुपीतील प्रथिन एकच आहेत काय? माझ्या पाहण्यात हा प्रश्न पुष्कळदा सर्वांत शेवटी विचारला जातो.

अनुक्रम निर्दोष ठरला म्हणजे मग विकराकडे वळावे, आणि वळल्यावर प्रथम हे ध्यानात घ्यावे की स्वादुपिंड ही एक ग्रंथी असली तरी तिच्यातून निघणारी विकरे अनेक आहेत. ट्रिप्सिनच्या बरोबरीने तेथेच कायमोट्रिप्सिन तयार होते, त्याचा आकार व बांधणी ट्रिप्सिनसारखीच असते, आणि ते फेनिलअ‍ॅलानिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन व काही अंशी ल्युसिन यांच्या पुढचे बंध तोडते. नॉर्थ्रप आणि कुनिट्झ यांनी ट्रिप्सिन स्फटिकरूपात मिळविले ही फार मोठी गोष्ट होती, परंतु स्फटिक झाला म्हणजे तो निर्भेळ झाला असे होत नाही. स्फटिकरूप ट्रिप्सिनमध्येही कायमोट्रिप्सिनचा अंश राहतो आणि तो रात्रभराच्या पचनात आपले काम करीत राहतो. यावर अमेरिकेत शोएलमान आणि शॉ यांनी १९६३ मध्ये जो तोडगा काढला त्याचे कौतुक मला अजून वाटते. त्यांनी टीपीसीके या नावाने ओळखले जाणारे एक संयुग तयार केले. ते फेनिलअ‍ॅलानिनच्या धर्तीवर बांधलेले असल्यामुळे कायमोट्रिप्सिन त्याला आपले खाद्य समजून आत घेते, आणि आत शिरताच ते संयुग विकराच्या सत्तावन्नाव्या जागच्या हिस्टिडिनला कायमचे चिकटून त्याची क्रिया बंद पाडते. ट्रिप्सिनच्या खळग्यात त्याला थारा मिळत नाही, म्हणून ट्रिप्सिन शाबूत राहते. आज बाजारात मिळणाऱ्या उत्तम प्रतीच्या ट्रिप्सिनवर ही प्रक्रिया झाली असल्याचे बाटलीवरच छापलेले असते.

असे असूनही टायरोसिनच्या पुढचे छेद दिसतच राहिले, आणि येथे प्रकरणाला खरी रंगत आली. ट्रिप्सिन हे स्वतः एक प्रथिन आहे. त्याच्या अंगी लायसिने आहेत, आर्जिनिने आहेत. आणि एका पात्रात ट्रिप्सिनचे असंख्य रेणू एकत्र असल्यामुळे ते परस्परांना तोडू लागतात. एक छेद पडला तरी विकर जगते व काम करते. दुसरा, एकशे शहात्तराव्या लायसिनपुढचा छेद पडला की जे उरते त्याला स्मिथ आणि शॉ यांनी १९६९ मध्ये स्यूडोट्रिप्सिन, म्हणजे आभासी ट्रिप्सिन, म्हटले. आणि लवकरच असेही दिसून आले की या मोडक्या विकराची निवड सैल झालेली असून ते कायमोट्रिप्सिनसारखे छेद घेते. म्हणजे बाहेरचा भेसळदार नाहीसा केल्यावरही त्याचे काम करणारा घरातच निर्माण होत होता. उपाय दोन निघाले: द्रावणात कॅल्शियम ठेवावे, कारण त्याने ट्रिप्सिनची बांधणी घट्ट राहते; आणि ट्रिप्सिनच्या लायसिनांना मेथिल गट जोडून टाकावेत, म्हणजे एका रेणूला दुसऱ्याची ती जागा ओळखू येत नाही. तरीही स्वपचन पूर्णपणे थांबत नाही. डुकराच्या ट्रिप्सिनचे स्वपचनाने पडणारे दोन तुकडे, ८४२.५१ आणि २२११.१० या अंकांवर, मास स्पेक्ट्रोमीटर या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात इतके नियमाने उमटतात की पुष्कळ प्रयोगशाळा त्यांच्याच आधाराने आपल्या यंत्राचे मोजमाप ताडून घेतात.

आता शिरस्त्याचाच विचार करू. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन ओळखते ते कशावरून, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे: विकराच्या पृष्ठभागावर एक खोल खळगा असून त्याच्या तळाशी एकशे एकोणनव्वदाव्या जागी ॲस्पार्टिक आम्लाचा ऋणभार आहे, आणि लायसिन व आर्जिनिन यांच्या लांब बाहूंच्या टोकाशी धनभार आहे. कायमोट्रिप्सिनच्या खळग्यात त्याच जागी सेरिन असते. तेव्हा ट्रिप्सिनमधील तो एक घटक बदलून सेरिन घातले म्हणजे त्याचे कायमोट्रिप्सिन होईल, असा सरळ हिशोब कोणीही करील. विल्यम रटर यांच्या गटाने १९८८ मध्ये तो करून पाहिला आणि तो चुकला. जे विकर हाती आले ते धड ट्रिप्सिन नव्हते की कायमोट्रिप्सिन नव्हते. खळग्यापासून दूर असलेले पृष्ठभागावरील दोन फासही बदलले तेव्हा कोठे, १९९२ मध्ये, लिझ हेडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांना कायमोट्रिप्सिनच्या जवळपास येणारे काही मिळाले. आणि त्यांतून निष्पन्न झाले ते असे की विकराची निवड ही ‘बसते की नाही’ एवढ्यावर ठरत नसून बसल्यावर बंध किती वेगाने तुटतो यावर ठरते.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे. पाठ्यपुस्तकातील शिरस्ता हा कायद्याचे कलम नसून वेगांच्या कोष्टकाचा सारांश आहे. लायसिन-आर्जिनिनपुढचा बंध इतर बंधांपेक्षा हजारो-लाखो पटींनी लवकर तुटतो, म्हणून आपण म्हणतो की ट्रिप्सिन ‘फक्त’ तोच तोडते. पण हजारपट सावकाश म्हणजे कधीच नाही असे नव्हे. शेताच्या बांधाला जेथे खिंडार असते तेथून पाणी आधी वाहून जाते हे खरे, परंतु रात्रभर पाणी तुंबून राहिले तर सकाळी बांधाच्या पलीकडली जमीनही ओली लागते. आपले पचन तर नेमके रात्रभर, सदतीस अंशांवर, सोळा-अठरा तास चाललेले असते.

याच दृष्टीने प्रोलिनच्या कलमाकडेही पाहावे. ओडेन्स येथे ओल्सेन, ऑंग आणि मान यांनी २००४ मध्ये अतिशय अचूक वस्तुमान मोजणीच्या बळावर असा निर्वाळा दिला की ट्रिप्सिन लायसिन व आर्जिनिन यांच्यापुढेच छेद घेते, दुसरीकडे कोठेही नाही. जे शिरस्त्याबाहेरचे तुकडे दिसतात ते प्रथिनाच्या शेवटच्या टोकाचे तरी असतात, नाही तर पुरत्या शिरस्त्याने पडलेले पेप्टाइड पुढे आतील प्रोलिनच्या अलीकडे मोडल्यामुळे झालेले असतात. हा निर्णय फारच स्पष्ट होता, आणि तो उपकारकही झाला, कारण बेफाम शोध घेण्याच्या वृत्तीला त्याने आळा घातला. परंतु चारच वर्षांनी रोड्रिगेझ, गुप्ता, स्मिथ आणि पेव्हझ्नर यांनी प्रचंड संख्येने वस्तुमानांचे वर्णपट तपासून दाखवून दिले की प्रोलिनच्या अलीकडचा बंधही ट्रिप्सिन तोडते, आणि तेही दुर्लक्ष करावे इतके क्वचित नव्हे. या दोन्ही कामांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची हौस पुष्कळांना असते. मला ती अनाठायी वाटते; पहिल्यांनी बाकीच्या अठरा घटकांपुढचा दरवाजा बंद केला आणि दुसऱ्यांनी प्रोलिनच्या सवलतीची हद्द ठरविली, एवढेच. उलट्या बाजूने पाहिले तर शिरस्त्याप्रमाणे पडावयास हवेत असे कित्येक छेद पडतच नाहीत: लायसिनच्या आजूबाजूला ॲस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्ल असले की वेग मंदावतो, आणि दोन लायसिने लागोपाठ आली तर एकापुढे छेद पडल्यावर टोकाशी उरलेले दुसरे तोडणे ट्रिप्सिनला जवळजवळ जमत नाही, कारण शृंखलेचे टोक कुरतडणे हा त्याचा स्वभाव नाही.

ट्रिप्सिनखेरीज इतर विकरांत तर ही ढिलाई अधिकच उघड आहे. हुमार आणि द्रापो यांनी १९७२ मध्ये स्टॅफिलोकॉकस जंतूच्या व्ही-आठ वाणातून मिळणारे विकर ग्लुटामिक आम्लापुढे छेद घेते असे दाखविले. पुढे आढळले की बायकार्बोनेटाऐवजी फॉस्फेटचे द्रावण वापरल्यास ते ॲस्पार्टिक आम्लापुढेही छेद घेऊ लागते. म्हणजे पात्रातले मीठ बदलले तरी नकाशा बदलावयाचा. हे विकर औषधशाळांत रोजच्या वापरातले आहे. मानवी इन्शुलिनमध्ये ग्लुटामिक आम्ले चार, आणि सल्फरचे दुवे न तोडता पचविल्यास तुकडेही चार पडतात. इन्शुलिन डुकराचे की माणसाचे हे त्यांतल्या एका तुकड्यावरून कळते, कारण दोहोंत फरक आहे तो बी शृंखलेच्या तिसाव्या, शेवटच्या घटकाचाच. अशा नकाशात पाचवा तुकडा दिसला तर तो औषधातील दोष की द्रावणातील, हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहत नाही. त्यावर अख्खा माल मंजूर किंवा नामंजूर होत असतो.

शिवाय असेही छेद असतात की ज्यांच्याशी पात्रातील विकराचा काडीचा संबंध नसतो. पेशीतून बाहेर पडताना प्रथिनाचे पुढचे टोक कापले गेलेले असते. पेशी फोडताना तिच्यातील प्रथिनभक्षक विकरे मोकळी होऊन काही तुकडे आधीच करून ठेवतात. संवर्धनात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांच्या जड शृंखलेच्या शेवटचे लायसिन तेथील कार्बॉक्सिपेप्टिडेज बहुधा काढूनच टाकते. ॲस्पार्टिक आम्ल आणि प्रोलिन यांच्यामधला बंध नुसत्या आम्लाने तुटतो. आणि काही पेप्टाइडे तर मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी, उडताना मोडतात. इतकेच नव्हे, तर विकर तोडते तसे जोडतेही. सँगर आणि टुप्पी इन्शुलिनची बी शृंखला १९५१ मध्ये वाचीत होते त्या काळी विकरांनी तुकडे उलटसुलट जोडले तर काय, ही धास्ती निराधार नव्हती. डेन्मार्कमध्ये पुढे याच गुणाचा उपयोग करून ट्रिप्सिनच्या साह्याने डुकराच्या इन्शुलिनचा शेवटचा ॲलानिन काढून तेथे थ्रिओनिन बसविण्यात आले आणि माणसाचे इन्शुलिन तयार झाले. तेव्हा मूळ शृंखलेत मुळीच नसलेला जोड नकाशात दिसला तरी एकदम दचकण्याचे कारण नाही.

मग करावे काय? एक पक्ष म्हणतो, तुकड्यांच्या वस्तुमानांवरून प्रथिन शोधणाऱ्या संगणकाला शिरस्ता सांगूच नका. कोठेही छेद पडला असेल असे धरून त्याला शोधू द्या. हा उपाय रोगाहून वाईट आहे. शिरस्ता सोडला की एकेका प्रथिनातून निघू शकणाऱ्या तुकड्यांची संख्या इतकी वाढते की केवळ योगायोगाने जुळणारी उत्तरेही तितकीच वाढतात, आणि मग अनपेक्षित छेदांचा जो भला मोठा तपशील हाती येतो त्यातील बराचसा कधी पडलेलाच नसतो. दुसरा पक्ष म्हणतो, शिरस्त्यात न बसणारे सगळे ‘अविशिष्ट’ या सदराखाली टाकून मोकळे व्हा. हाही खुलासा नव्हे. ही खुलाशाची टाळाटाळ आहे. ट्रिप्सिनचे रेणू तेच आहेत. सूक्ष्म झाली आहे ती आपली मोजणी, आणि पूर्वी डोळ्यांआड राहणारा दहा हजारांतला एक छेद आता तिला दिसू लागला आहे. अशा वेळी छेदाच्या जागेपेक्षा त्याच्या वाढीची चाल अधिक बोलकी असते: दोन तासांनी, चार तासांनी, सोळा तासांनी नमुना काढून पाहिला असता जो ठिपका तासागणिक वाढतो तो विकराचा, जो पहिल्या नमुन्यापासून तेवढाच आहे तो बहुधा प्रथिनाबरोबर आलेला, आणि प्रथिन न घालता केवळ विकर ठेवलेल्या पात्रातही जो दिसतो तो विकराच्या स्वतःच्या अंगाचा.

या सभेत शिक्षक आहेत, प्रयोगशाळांत काम करणारी तरुण मंडळी आहेत, आणि औषधांच्या तपासणीशी ज्यांचा संबंध येतो असेही काही असतील. त्यांना माझी विनंती आहे. शिक्षकांनी ट्रिप्सिनचा शिरस्ता शिकविताना त्याच्याबरोबर वेळ आणि वेग हे दोन शब्द अवश्य शिकवावेत. प्रयोग करणाऱ्यांनी विकराचा घाणा क्रमांक, त्याचे प्रथिनाशी प्रमाण, द्रावणातील मीठ, तापमान आणि तास यांची नोंद नकाशाच्या त्याच पानावर करावी, केवळ विकर असलेले पात्र दर खेपेस शेजारी ठेवावे, आणि ज्या ठिपक्याचा उलगडा झाला नाही तो अहवालातून वगळू नये. ‘उलगडा झाला नाही’ एवढे लिहून तो तेथेच राहू द्यावा.